चौकट, बाण आणि बखर

१/ सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणाऱ्या लिखाणात एक वाक्य ठरलेले असते: वास्तुशिल्पी जसा घर बांधण्याआधी नकाशा काढतो, तसा सॉफ्टवेअर घडवणारा आधी रचनेची आकृती काढतो आणि मग तिच्याबरहुकूम प्रणाली उभी राहते. हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे आणि सवय म्हणून घातक आहे. ते खोडून काढण्यासाठी हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ रचनाकृती म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करतो. प्रणालीचे भाग चौकटींत दाखवायचे आणि त्यांचे परस्परसंबंध रेषांनी किंवा बाणांनी. क्लास डायग्रॅम, कंपोनंट डायग्रॅम, कोणता भाग कोणत्या यंत्रावर चालतो हे दाखवणारा डिप्लॉयमेंट डायग्रॅम, ही सारी त्याच कुळातली. माझे भांडण आकृतीशी नाही. आकृतीला ‘नकाशा’ म्हणण्याशी आहे.

३/ प्रथम ‘आर्किटेक्चर’ हा शब्दच पाहू. १९६४ साली जीन अॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणककुलाचे वर्णन करणारा लेख लिहिला. त्यात आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते तसे त्याचे रूप, असा अर्थ ठरवून दिला आहे. आतली जुळणी, विदेच्या वाटा, तर्कमंडले हे सारे त्या व्याख्येतून मुद्दाम वगळले आहे. म्हणजे घराची उपमा घेतली होती ती घरात राहणाऱ्याच्या बाजूने, गवंड्याच्या बाजूने नव्हे. आज आपण त्याच शब्दाखाली नेमक्या आतल्या चौकटी काढून दाखवतो. शब्दाचा अर्थ बदलणे हा गुन्हा नाही. पण बदललेल्या अर्थाला जुन्या उपमेची प्रतिष्ठा चिकटवणे, ही लबाडी आहे.

४/ आकृतीची वंशावळही बांधकामाकडे जात नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले. कामगाराचा हात कुठे थांबतो, माल कुठे पडून राहतो, हे वरून पाहणाऱ्याला कळावे, हा त्यांचा हेतू. १९४७ साली प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकावर गणित कसे मांडावे याविषयीच्या अहवालात प्रवाह-आकृती वापरली, तोवर आकृतीची ही जात कारखान्यांत रुळलेली होती.

५/ त्या अहवालात श्रमविभागणीची एक कल्पना दडलेली आहे. विचाराचे काम आकृती काढताना संपते आणि तिचे यंत्रसंकेतांत रूपांतर करणे हा जवळजवळ यांत्रिक भाग उरतो. वर विचार करणारा, खाली उतरवून घेणारा. आकृती नेहमी वरच्याच्या हाती. पुढच्या पन्नास वर्षांत चिन्हे बदलली, उतरंड बदलली नाही.

६/ एनिअॅक यंत्रावर काम करणाऱ्या सहा स्त्रियांची गोष्ट इथे हमखास सांगितली जाते, आणि ती सांगावीच. त्यांना प्रारंभी हाताशी पुस्तिका नव्हती. यंत्राच्या आकृत्या आणि जोडणीचे तक्ते वाचून त्यांनी ते यंत्र समजून घेतले. मग आकृती उपयोगी पडली, असे झाले ना? झाले. पण ती विजेच्या यंत्राची आकृती होती. तिच्यातील रेषेमागे एक खरी तार होती, हात लावून खात्री करता येईल अशी. सॉफ्टवेअरच्या आकृतीतील रेषेमागे कोणती तार असते? कधी फंक्शनला केलेली हाक, कधी दोघांनी वापरलेली सामायिक स्मृती, कधी एकाने लिहिलेली आणि दुसऱ्याने वाचलेली फाइल, तर कधी केवळ ‘यांचा काहीतरी संबंध आहे’ ही काढणाऱ्याची समजूत. कागदावर चारही रेषा सारख्याच दिसतात.

७/ आता कालक्रम. ‘आधी आकृती, मग प्रोग्रॅम’ हा क्रम दफ्तरातून सिद्ध होत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यास अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीने ‘ऑटोफ्लो’ नावाचा प्रोग्रॅम विकायला काढला. स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या सर्वांत आरंभीच्या सॉफ्टवेअरांपैकी तो एक. त्याचे काम काय? लिहून झालेला प्रोग्रॅम वाचून त्याची प्रवाह-आकृती छापणे. ग्राहकाला, वरिष्ठाला, कराराला आकृती हवी असे. प्रोग्रॅम तर तिच्याशिवायच तयार झालेला असे. मग यंत्राकडूनच ‘मूळ आराखडा’ काढून घ्यायचा.

८/ मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा आहे. घटना होऊन जाते, पुढे कोणाच्या तरी आज्ञेवरून ती सुसंगत करून लिहिली जाते, आणि त्या लेखनालाच लोक घटनेचे साधन मानू लागतात. आपण त्याला बखर म्हणतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली आणि अस्सल पत्रव्यवहार हा त्यांच्यावरचा पुरावा ठरवला. बखर टाकाऊ असते असे नाही. तिच्यातून लिहवून घेणाऱ्याला काय हवे होते, ते फार चांगले कळते. पण लढाईच्या दिवशी फौज कुठे होती, हे विचारायला आपण आधी बखरीकडे जात नाही.

९/ संगणकशास्त्रातही हे कोणाला कळले नव्हते, असे नाही. सिस्टिम/३६० च्या प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या ब्रुक्स यांनीच १९७५ च्या आपल्या पुस्तकात प्रवाह-आकृतीचे माहात्म्य अवास्तव वाढवले गेल्याचे लिहिले. अनुभवी प्रोग्रॅमर आधी तपशीलवार आकृती काढून मग लिहितो, असे आपण पाहिलेले नाही, ही त्यांची साक्ष. १९७७ साली बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. तपशीलवार आकृती हाती असलेले आणि नसलेले यांच्यात, प्रोग्रॅम रचताना, समजून घेताना वा दुरुस्त करताना, आकृतीच्या बाजूने दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

१०/ पण या इतिहासातला खरा घाव १९७२ चा आहे, डेव्हिड पार्नास यांचा. त्यांनी घेतलेले उदाहरण लहान आहे. पुस्तकांची नावे घ्यायची, प्रत्येक नावातील शब्द फिरवून सर्व रूपे बनवायची आणि ती अकारविल्हे लावायची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यातून ‘इतिहासाची साधने मराठ्यांच्या’ आणि ‘साधने मराठ्यांच्या इतिहासाची’ ही रूपे निघतात. ग्रंथालयात सूची करणाऱ्याला याचा उपयोग लगेच कळेल.

११/ पार्नास यांनी या कामाच्या दोन विभागण्या केल्या. पहिली कोणालाही सुचेल अशी: वाचणे, फिरवणे, क्रम लावणे, छापणे, आणि या चौघांवर एक मुकादम. प्रवाह-आकृतीतील प्रत्येक चौकट म्हणजे एक भाग. कागदावर देखणी. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक भागाच्या पोटात बदलू शकेल असा एकेक निर्णय लपवलेला. ओळी स्मृतीत कशा साठवल्या आहेत, हे एकाच भागाला ठाऊक, इतरांनी फक्त त्याला विचारायचे. मग त्यांनी प्रश्न केला: साठवणीची पद्धत बदलली तर काय होईल? पहिल्या विभागणीत जवळजवळ प्रत्येक भाग उघडावा लागतो. दुसरीत एकच.

१२/ आता नीट पाहा. पहिल्या विभागणीच्या आकृतीत हा दोष कुठे दिसतो? कुठेच नाही. कारण दोष बाणात नव्हता. बाणाच्या दोन्ही टोकांना जे गृहीत धरले होते, त्यात तो होता. सर्व भागांना स्मृतीची तीच मांडणी ठाऊक आहे, ही गोष्ट दाखवायला आकृतीत चिन्हच नव्हते. दोन वर्षांनी पार्नास यांनी ‘श्रेणीबद्ध रचना’ या तेव्हाच्या लाडक्या शब्दाची चिरफाड केली. भागांमधला कोणता संबंध तुम्ही म्हणता, हे सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही, असा त्यांचा मुद्दा. १९७४ साली विचारलेल्या त्या प्रश्नाला आजही भिंतीवर लावलेल्या बहुतेक आकृत्या उत्तर देत नाहीत.

१३/ पुढचे दोन दशकांचे पर्व झटपट सांगतो. स्ट्रक्चर चार्ट आले, डेटा फ्लो डायग्रॅम आले, १९९० च्या आसपास प्रत्येक पंडिताची स्वतःची चिन्हे झाली. ग्रेडी बूच ढग काढत, जेम्स रम्बॉ चौकोन. ते दोघे आणि इव्हार याकोब्सन एकाच कंपनीत आले, त्यांच्या पद्धतींची सांधेजोड झाली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात यूएमएल ही प्रमाण चित्रभाषा म्हणून मान्य झाली. चिन्हांचा तह झाला. चिन्हांमागच्या अर्थाचा झाला का?

१४/ एकच नमुना देतो. क्लास डायग्रॅममध्ये रेषेच्या टोकाला पोकळ चौकट-पत्ता काढला की ‘हा त्याचा भाग आहे, पण सैलपणे’ असा अर्थ होतो, असे शिकवतात. अभियांत्रिकीच्या परीक्षेत पोकळ की भरीव यावर गुण जातात. आणि यूएमएल २ चे अधिकृत विनिर्देशन त्या पोकळ चिन्हाबद्दल काय म्हणते? त्याचा नेमका अर्थ क्षेत्रागणिक आणि काढणाऱ्यागणिक वेगळा असतो! ज्या चिन्हाचा अर्थ प्रमाणग्रंथच काढणाऱ्यावर सोडतो, त्यावरून विद्यार्थ्याला नापास करणे हे शास्त्र नव्हे, सोवळे आहे.

१५/ व्यवसायाने आपला निकाल केव्हाच दिला आहे. मेरियन पेट्रे यांनी २०१३ साली ५० व्यावसायिक सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास मांडला. त्यांपैकी ३५ जण यूएमएल मुळीच वापरत नव्हते. मात्र त्यांतल्या अनेकांचा आकृत्यांना विरोध नव्हता, ते आपापल्या पद्धतीने काढत होते, विचार करण्यासाठी, फळ्यावर, पुसून टाकण्यासाठी. पुसून टाकलेली आकृती कधी कोणाला फसवत नाही.

१६/ हे सारे गुणपत्रिकेपुरते असते तर मी हा धागा लिहिला नसता. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ चे पहिले उड्डाण झाले. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या अभ्यासासाठीचे चार क्लस्टर उपग्रह त्यावर होते. सुमारे चाळीस सेकंदांत सारे संपले. जाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल जुलैत आला. तो प्रत्येक संगणक-विद्यार्थ्याने वाचावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचावा, कारण साधनचिकित्सा कशी करतात याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

१७/ रचनाकृतीच्या नजरेने एरियन-५ निर्दोष होते. अग्निबाणाची दिशा व गती मोजणारी जडत्व-संदर्भ यंत्रणा एक नव्हे, दोन होत्या. एक चालू, एक तयारीत. पहिली पडली की दुसरीने सूत्रे घ्यायची. कागदावर दोन चौकटी, दोन बाण, मध्ये मुख्य संगणक. पाहणारा म्हणेल, वा, आधार आहे. पण दोन्ही चौकटींत सॉफ्टवेअर तेच होते, शब्दशः तेच, आणि दोघींना मिळणारे आकडेही तेच.

१८/ ते सॉफ्टवेअर एरियन-४ वरून आले होते. आडव्या वेगाशी निगडित एक मूल्य ६४ बिटांच्या अपूर्णांकी रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवले जाई. एरियन-४ च्या मार्गावर ते मूल्य मर्यादेत राही. एरियन-५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग अधिक, आकडा १६ बिटांत मावला नाही. असे धोक्याचे सात आकडे होते. चारांना संरक्षण दिले होते, तीन मोकळे ठेवले, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. ज्या गणितात हे घडले, ते उड्डाणापूर्वी यंत्रणा स्थिर करण्यासाठीचे. एरियन-५ ला उड्डाणानंतर त्याची गरजच नव्हती. जुन्या सोयीसाठी ते चालू राहिले होते.

१९/ तयारीतली यंत्रणा आधी बंद पडली. ७२ मिलिसेकंदांच्या एका आवर्तनाच्या अंतराने चालू यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली. आणि मग आकृतीच्या भक्तांनी जिथे थांबावे ती जागा येते. बंद पडताना त्या यंत्रणेने आपल्या बिघाडाची माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली. त्याच वाटेने, त्याच बाणाने. मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि जे विचलन झालेच नव्हते ते सुधारण्यासाठी इंजिनांची तोंडे टोकापर्यंत वळवली. अग्निबाण वाऱ्याच्या मारात तुटू लागला आणि स्वतःचा नाश करण्याची त्याची यंत्रणा चालू झाली. बाण जिथे काढला होता तिथेच होता. त्यातून वाहणाऱ्याचा अर्थ बदलला होता.

२०/ यावर ठरलेला आक्षेप: ‘ही विनिर्देशनाची चूक, आकृतीला का झोडपता?’ कारण चौकशीत विनिर्देशनाचीच जी उणीव दिसली, ती आकृतीत दिसण्याजोगी नव्हती आणि तरी सुरक्षिततेचा आभास आकृतीच देत होती. जुन्या यंत्रणेच्या आवश्यकतांत नव्या अग्निबाणाच्या मार्गाचे आकडे घातलेच नव्हते. दोन चौकटी दिसल्या की मन ‘दोन आधार’ असे वाचते. यादृच्छिक बिघाड एकाच यंत्राला होतो, रचनेतील चूक मात्र दोन्ही प्रतींत एकाच क्षणी जागी होते. हा भेद दाखवायला चौकटीला रंग नाही.

२१/ दुसरे प्रकरण माणसांचे आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली शाखांत बसवली. कंत्राटावर टपाल-शाखा चालवणाऱ्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कित्येकांनी ती पदरचे पैसे घालून भरली. या प्रणालीच्या पुराव्यावर ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. खात्याचे म्हणणे वर्षानुवर्षे असे की, शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणी हात घालूच शकत नाही, म्हणून तूट म्हणजे चोरीच.

२२/ हे विधान काय आहे? रचनेविषयीचे विधान आहे. ‘पाठबळ केंद्राकडून शाखेच्या वहीकडे बाण नाही’ एवढेच ते म्हणते. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांच्या निकालाने तो बाण होता हे प्रस्थापित केले. फुजित्सूच्या माणसांना शाखेच्या नकळत तिच्या नोंदींत भर घालता येत होती. न काढलेला बाण म्हणजे नसलेला बाण, असे गृहीत धरले की काय होते, त्याची किंमत या लोकांनी मोजली. विधान कोण करतो, ते त्याला कशावरून ठाऊक, आणि ते खरे ठरण्यात त्याचा लाभ कोणता, हे तीन प्रश्न इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. न्यायालयाला तिथवर पोहोचायला वीस वर्षे लागली.

२३/ एक प्रामाणिक प्रतिपक्ष आहे आणि तो चक्क पार्नास यांचाच. १९८६ साली त्यांनी पॉल क्लेमेंट्स यांच्यासह लिहिले की, निर्दोष क्रमाने रचना कधीच होत नसते, तरी कागदपत्रे ती तशी झाली असे दाखवणारी असावीत, कारण वाचणाऱ्याला त्यातूनच प्रणाली कळते. म्हणजे बखर लिहा, पण चांगली लिहा. मला हे मान्य आहे. गणितीसुद्धा सिद्धता सापडली त्या क्रमाने छापत नाही. पण ते दोघे ‘हे नंतर रचलेले आहे’ असे उघड सांगतात आणि कागद प्रणालीबरोबर अद्ययावत ठेवण्याचा आग्रह धरतात. आपल्याकडे (म्हणजे जगभरच, मराठीला वेगळे पाडत नाही) पहिले घेतले जाते, दुसरे सोडले जाते.

२४/ साधनचिकित्सा सॉफ्टवेअरमध्ये करता येते, याचा पुरावाही आहे. १९९५ साली गेल मर्फी, डेव्हिड नॉटकिन आणि केव्हिन सलिव्हन यांनी एक पद्धत मांडली. अभियंत्याने आपल्या मनातली रचना चौकटी-बाणांनी काढायची. मग उपकरण प्रत्यक्ष प्रोग्रॅम तपासून तीन गोष्टी सांगणार: तुझ्या आकृतीतले कोणते बाण खरे आहेत, कोणते बाण प्रोग्रॅममध्ये आहेत पण तू काढले नाहीस, आणि कोणते तू काढलेस पण अस्तित्वात नाहीत. एक्सेलच्या दहा लाखांहून अधिक ओळींवरही ती वापरली गेली. मला संगणकशास्त्रातले हे सर्वांत राजवाडी काम वाटते. बखर दफ्तरासमोर उभी करायची आणि फरक मोजायचा.

२५/ तेव्हा मागणी अशी. प्रणालीची रचनाकृती कोणत्याही करारात, निविदेत, न्यायालयात किंवा वर्गात मांडली जाईल तेव्हा तिच्यावर तारीख असावी आणि काढणाऱ्याचे नाव असावे. ती प्रोग्रॅमवरून काढली की इच्छेवरून, हे लिहिलेले असावे. बाणाचा अर्थ एकच असावा आणि तो शब्दांत सांगितलेला असावा. दोन अर्थ हवे असतील तर दोन आकृत्या काढाव्यात. फिलिप क्रुश्तेन यांनी १९९५ सालीच एका प्रणालीची अनेक दृश्ये वेगवेगळी ठेवायला सांगितले होते, त्यामुळे मी काही नवे मागत नाही. आणि जे बाण ‘नाहीत’ म्हणून प्रणाली सुरक्षित मानली जाते, ते नाहीत हे कोणी, कधी, कसे तपासले, याची नोंद सोबत हवी.

२६/ प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक सूचना: ‘ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणालीचा क्लास डायग्रॅम काढा’ याऐवजी एक चालता प्रोग्रॅम आणि त्याची जुनी आकृती द्या, आणि आकृती कुठे खोटे बोलते ते विचारा. दहा गुणांना पुरेल.

२७/ ऑटोफ्लोची एक मोठी उपकथा राहिली: लोक सॉफ्टवेअर फुकट मिळण्याची अपेक्षा करत असताना ते विकत कसे घेऊ लागले, ती. पुढचा धागा त्यावर.